व्यापाराची विद्या आणि घरची पुंजी

बारावीचे निकाल लागले म्हणजे आमच्या खांदा कॉलनीत पुढले दोन-तीन आठवडे दुसरा विषय निघत नाही. खांदेश्वराच्या तळ्याकाठी सायंकाळी फिरावयास निघालेले पेन्शनर असोत, अगर भाजी घेता घेता थांबलेल्या गृहिणी असोत, ‘मुलाचे पुढे काय ठरले?’ हे विचारल्यावाचून कोणी कोणास सोडीत नाही. पूर्वी या प्रश्नास शिष्टसंमत उत्तरे दोनच होती : वैद्यकी किंवा इंजिनिअरिंग. ती साधली नाहीत, तर मूल ‘कॉमर्सला गेले’ असे आवाज थोडा खाली आणून सांगण्यात येई. अलीकडे एक तिसरे उत्तर कानी पडू लागले आहे, आणि ते सांगताना आवाज खाली न येता उलट वर चढतो. मुलगा किंवा मुलगी ‘इंटरनॅशनल बिझनेस मॅनेजमेंट’ शिकणार, आणि बहुधा परदेशी जाऊन शिकणार, असे ते उत्तर होय.

मराठीत यास आंतरराष्ट्रीय व्यापार-व्यवस्थापन म्हणावे. नाव भारदस्त आहे, विद्यापीठांची माहितीपत्रके गुळगुळीत कागदावर छापलेली असतात, आणि कर्ज देण्यास बँका तत्पर असतात. एकत्र कुटुंबात मात्र या नावासरशी निरनिराळी मते उठतात. आजोबांस वाटते, व्यापार हा आपल्या घराण्याचा पिंडच नव्हे. वडील मनातल्या मनात प्रॉव्हिडंट फंडाची बेरीज मांडू लागतात. आईस मूल दूर जाणार याची हुरहूर लागते, आणि त्याबरोबरच थोडा अभिमानही वाटतो. मुलास स्वतःस विचारावे, तर ते बहुधा देशाचे नाव सांगते, विषयाचे सांगत नाही. ही विद्या म्हणजे नेमके काय, ती कोठे मिळते, आणि तिच्यासाठी घराने किती झीज सोसावी, हे तीन प्रश्न मात्र कोणी कोणास विचारीत नाही. त्यांचाच विचार या महिन्यात करावा, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम विद्येविषयी. पनवेलच्या व्यापाऱ्याने पुण्याच्या व्यापाऱ्यास तांदूळ पाठविला, तर कायदा एक, नाणे एक, भाषा एक, आणि पैसे थकलेच तर दाद मागावयाचे न्यायालयही याच देशातले. तोच तांदूळ दुबईस पाठविला की कायदे दोन झाले, चलने दोन झाली, त्यांच्यामध्ये तिसरा डॉलर येऊन बसला, आणि देणारा व घेणारा यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही अशी स्थिती आली. विकणारा म्हणतो, पैसे हाती आल्यावाचून माल का सोडू? घेणारा म्हणतो, माल पाहिल्यावाचून पैसे का देऊ? या परस्पर अविश्वासातून वाट काढण्याकरिता व्यापारी जगाने जी साधने पिढ्यान्पिढ्या घडविली, त्यांचे शास्त्र म्हणजे या विद्येचा पाया होय.

लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पतपत्र, हे त्यांतील मुख्य साधन. अमुक कागद अमुक मुदतीत बिनचूक हाती आले की पैसे आम्ही देऊ, असे वचन घेणाऱ्याची बँक त्यात देते. जहाज कंपनीकडून माल चढविल्याची जी पावती मिळते, तिला बिल ऑफ लेडिंग म्हणतात. ती रीतसर ज्याच्या हाती आली, त्याचा मालावर हक्क. माल कोणत्या ठिकाणापर्यंत कोणाच्या जोखमीवर, भाडे कोणी भरावयाचे, विमा कोणी उतरावयाचा, यांविषयी वाद होऊ नये म्हणून पॅरिस येथील इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने १९३६ मध्ये ठराविक संज्ञा प्रसिद्ध केल्या. त्यांस इन्कोटर्म्स म्हणतात, आणि २०२० च्या आवृत्तीत त्या ११ आहेत. ज्यांनी घरातील जुन्या दप्तरांत हुंड्या पाहिल्या असतील, त्यांस हे सर्व अगदीच परके वाटणार नाही. अनोळखी माणसांत विश्वास कसा उत्पन्न करावा, हाच हुंडीचाही प्रश्न होता.

आता या शास्त्राचा व्यवहारात काय उपयोग, हे आपल्या ओळखीच्या हापूस आंब्यावरून पाहू. युरोपात गेलेल्या काही खेपांत फळमाशी आढळली, म्हणून युरोपीय संघाने २०१४ च्या मे महिन्यापासून भारतीय आंब्यास बंदी केली. तपासणी व प्रक्रिया यांची व्यवस्था सुधारल्यावर २०१५ च्या जानेवारीत ती उठविण्याचा निर्णय झाला. तेव्हापासून युरोपास जाणारे फळ ४८ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवण्याची पद्धत पडली. अमेरिकेने २००७ मध्ये आपले दार उघडले, पण फळावर किरणप्रक्रिया केलेली असलीच पाहिजे या अटीवर. २०२५ च्या मे महिन्यात तर असे झाले की, नवी मुंबईत रीतसर किरणप्रक्रिया झालेल्या आंब्याच्या किमान पंधरा खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या. फळ उत्तम होते. दोष कागदपत्रांत निघाला. माल परत आणावयाचा तर भाडे मालाहून जड, म्हणून तो तेथेच नष्ट करावा लागला. ज्या बागायतदाराने वर्षभर झाड राखले, त्याच्या मेहनतीचे भवितव्य एका नमुन्यातील नोंदीवर येऊन ठेपावे, हे वाचून कोणासही हळहळ वाटेल. ती नोंद बिनचूक होते की नाही हे पाहणारा मनुष्य तयार करणे, हे या शिक्षणाचे पहिले काम आहे.

दुसरे काम याहून कठीण आहे. २०२३ च्या ८ डिसेंबर रोजी सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. ती २०२४ च्या ४ मे रोजी खुली झाली, पण टनास ५५० डॉलर किमान भाव आणि ४० टक्के निर्यातशुल्क या अटींवर; शुल्क पुढे कमी होत जाऊन २०२५ च्या १ एप्रिलपासून पूर्णपणे उठले. त्याच सुमारास, म्हणजे २०२३ च्या अखेरीपासून, तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि युरोपास जाणारी पुष्कळ जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर दोन टप्प्यांत मिळून ५० टक्के जादा जकात बसविली. नाशिकच्या कांदेवाल्याने अथवा कोळंबी पाठविणाऱ्या कारखानदाराने यांपैकी एकही गोष्ट केली नव्हती, पण परिणाम त्यालाच भोगावे लागले. अशा वेळी जुने गिऱ्हाईक कसे राखावे, नवे कोणत्या देशात शोधावे, माल थांबवावा की तोट्यात सोडावा, हे अपुऱ्या माहितीवर आणि थोडक्या वेळात ठरवावे लागते. व्यवस्थापन हा शब्द येथे सार्थ होतो. सूट-बूट घालून वातानुकूलित खोलीत बसणे, ही त्याची जी कल्पना मुलांच्या मनात असते, तिचा येथे फारसा संबंध नाही.

आपल्या ब्राह्मण घरांतून ‘व्यापार हा आपला पिंड नव्हे’ असे जे म्हटले जाते, त्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपणांस लहानपणापासून पाठ आहे. परंतु गेल्या शंभर-दीडशे वर्षांत आपण तिचा क्रम उलटा लावून नोकरीस देव्हाऱ्यात बसविले. इतिहास मात्र आपल्या या समजुतीस पुष्टी देत नाही. पनवेल हा पूर्वापार खाडीवरचा बाजार. १८३० मध्ये बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाल्यावर देशावरच्या व कोकणच्या मालाची ये-जा वाढली. याच पनवेलीत १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी धूतपापेश्वर ही औषधशाळा काढली, आणि शास्त्री-वैद्यांच्या या उद्योगाचे नाव पुढे देशभर गेले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली. त्याच वर्षी गिरगावात बेडेकरांचे दुकान निघाले, आणि आज त्यांची लोणची व मसाले परदेशांतील मराठी घरांतही पोचतात. मुंबईचे सिडनहॅम कॉलेज १९१३ साली निघाले, तेव्हापासून वाणिज्य हा विद्यापीठाच्या पदवीचा विषय आहे. तेव्हा पिंडाची सबब पुढे करून मुलास या वाटेवरून मागे ओढणे योग्य नव्हे. त्यास मागे ओढावयाचे किंवा पुढे लोटावयाचे, ते त्याची आवड व कुवत पाहून.

आता ही विद्या कोठे मिळते ते पाहू. येथे आमच्या कॉलनीतील वाचकांस एक गोष्ट विशेषेकरून सांगावयाची आहे. ज्या विषयाचा अभ्यास करण्याकरिता मुले सातासमुद्रापलीकडे जावयाचे म्हणतात, तो विषय आपल्या दारावरून रोज ट्रकवर लादून जात असतो. १९५६ च्या एप्रिलमध्ये माल्कम मॅकलीन या अमेरिकन वाहतूकदाराने ५८ पेट्या चढवून एक जहाज न्यूआर्कहून ह्यूस्टनला पाठविले, आणि कंटेनरचे युग सुरू झाले. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ च्या मे महिन्यात सुरू झाले ते याच नव्या पद्धतीस अनुसरून. २०२४-२५ या एका वर्षात या बंदराने वीस फुटी कंटेनरच्या मापाने सुमारे ७३ लाख कंटेनर हाताळले. कळंबोलीचा लोखंड बाजार, उरण रस्त्यावरील कंटेनरांची आगरे, कस्टम एजंटांच्या कचेऱ्या हे सर्व त्याच बंदराभोवतीचे पसाऱ्याचे भाग आहेत. २०२४ च्या जानेवारीत शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. २०२५ च्या २५ डिसेंबरपासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने उडू लागली. खांदा कॉलनीतील मुलास तासाभराच्या अंतरात जेवढा आंतरराष्ट्रीय व्यापार डोळ्यांनी पाहावयास मिळतो, तेवढा इंग्लंडातील कित्येक विद्यापीठांच्या गावी मिळणार नाही.

या बंदराचा एक धडा पुस्तकांतून सहसा येत नाही, म्हणून तो येथे सांगितला पाहिजे. ज्या जमिनीवर हे सर्व उभे आहे, ती भातशेतीची व मिठागरांची होती. तिच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात १९८४ च्या जानेवारीत १६ व १७ तारखांस गोळीबार होऊन पाच शेतकरी प्राणांस मुकले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकास परत देण्याची योजना त्या लढ्यातून पुढे आली. आमची कॉलनी ज्या खांदा गावाचे नाव मिरविते, ते गावही याच नव्या शहराच्या पोटात आले आहे. व्यापाराचे लाभ कोणास मिळाले आणि किंमत कोणी दिली, हा प्रश्न ज्या विद्यार्थ्यास पडत नाही, त्याचे शिक्षण कितीही महाग असले तरी अपुरे होय.

संस्थांविषयी म्हणाल, तर पायऱ्या स्पष्ट आहेत. आमच्या कॉलनीतच चांगू काना ठाकूर महाविद्यालय १९९७ पासून आहे. तेथे किंवा मुंबई विद्यापीठाच्या दुसऱ्या एखाद्या महाविद्यालयात वाणिज्य अथवा व्यवस्थापन यांची पदवी घेता येते. पदव्युत्तर शिक्षणासाठी केंद्र सरकारने १९६३ मध्ये दिल्लीस इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरिन ट्रेड ही संस्था याच विषयास वाहिलेली अशी स्थापन केली. पुण्यात सिंबायोसिसची आंतरराष्ट्रीय व्यापाराची शाखा १९९२ पासून आहे. सिंबायोसिसचा जन्म आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकविणारे प्रा. शां. ब. मुजुमदार यांनी परदेशांतून पुण्यास शिकावयास आलेल्या मुलांची आबाळ पाहिली, आणि त्यांस आधार व्हावा म्हणून १९७१ मध्ये ही संस्था काढली. परक्याची अडचण समजून घेण्यातून जी संस्था निघाली, तिने पुढे परक्यांशी व्यापार कसा करावा हे शिकवावे, यात एक प्रकारचे औचित्य आहे. आणि आता तर परदेशी विद्यापीठेच इकडे येऊ पाहत आहेत : ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया व इटली येथील पाच संस्थांस मुंबई-नवी मुंबई परिसरात शाखा काढण्याची इरादापत्रे २०२५ च्या १४ जून रोजी देण्यात आली.

मग परदेशी जावयाचेच नाही काय? असे आमचे म्हणणे नाही. परदेशच्या विद्यापीठात जे मिळते, ते पुस्तकापेक्षा सहवासात आहे. पाच-सहा देशांच्या मुलांबरोबर एका टेबलाशी बसून काम करणे, ‘हो’ म्हणणारा जपानी खरोखर होकार देतो आहे की केवळ ऐकले असे सांगतो आहे हे ओळखणे, जर्मन मनुष्य स्पष्ट बोलला म्हणजे तो रागावलेला असतोच असे नाही हे कळणे, स्वतःचे जेवण स्वतः करून वेळेवर कामास जाणे, हे शिक्षण घरी बसून होत नाही. परंतु परदेशची पदवी म्हणजे परदेशची नोकरी, हे समीकरण मात्र कोणी मांडू नये. शिक्षणानंतर तेथे राहून काम शोधण्याची जी मुभा असते, ती त्या त्या सरकारच्या मर्जीवर असते. ब्रिटनने २०२१ पासून पदवीधरांस दोन वर्षांची मुभा दिली. तीच मुदत २०२७ च्या जानेवारीपासून अर्ज करणाऱ्यांकरिता दीड वर्षावर आणण्याचे तेथील सरकारने २०२५ मध्ये ठरविले. ज्याने सर्व हिशेब दोन वर्षांच्या पगारावर बसविला, त्याच्या पायाखालची वाळू एका घोषणेने सरकते.

हिशेबाचा विषय निघाला आहे, तर तो स्पष्ट मांडूनच दाखवितो. समजा, घराने ३० लाख रुपये कर्ज काढले आणि व्याज दरसाल ११ टक्के पडले. शिक्षण व त्यानंतरचे काही महिने मिळून दीड वर्ष हप्ता सुरू होत नाही असे धरू. पण व्याज थांबत नाही. ते दरमहा २७,५०० रुपये, म्हणजे दीड वर्षात ४ लाख ९५ हजार. ते घरच्यांनी वेळच्या वेळी भरले असे समजू. पुढे दहा वर्षांत कर्ज फेडावयाचे, तर हप्ता दरमहा सुमारे ४१,३२५ रुपये, आणि दहा वर्षांची बेरीज सुमारे ४९ लाख ५९ हजार. एकूण आकडा साडेचोपन्न लाखांच्या घरात गेला. पौंड अगर डॉलर महाग झाला तर मूळ रक्कमच वाढावयाची, हे वेगळेच. मूल परत आले आणि येथे नोकरीस लागले, तर पहिल्या वर्षांच्या पगारातून हा हप्ता निघेल काय, हा प्रश्न वडिलांनी कागद-पेन्सिल घेऊन सोडवावा, आणि तो सोडविताना मुलास शेजारी बसवावे. जो विद्यार्थी स्वतःच्या शिक्षणाचा जमाखर्च पाहण्यास कंटाळतो, तो दुसऱ्याच्या मालाचा जमाखर्च काय पाहणार?

एकत्र कुटुंबात या कर्जास आणखी एक बाजू असते. मोठ्या कर्जास बहुधा तारण लागते, आणि तारण म्हणजे राहते घर. ते पुष्कळदा आजोबांच्या नावावर असते, आणि त्यात काका-आत्यांचा शब्दही असतो. अशा वेळी ‘मुलाच्या भवितव्यासाठी’ या दोन शब्दांपुढे कोणी बोलू धजत नाही; सही होते, आणि न बोललेली नाराजी वर्षानुवर्षे घरात धुमसत राहते. आमची विनंती अशी की, सही करण्यापूर्वी घरातील सर्व वडीलधाऱ्यांनी एकत्र बसावे. हप्ता मुलाने न भरल्यास कोण भरणार, आजी-आजोबांच्या औषधपाण्याचा पैसा त्यात जाणार नाही ना, धाकट्या भावंडासाठी काय उरते, हे उघड बोलावे. नाही म्हणावयाचे असेल त्याने त्याच वेळी नाही म्हणावे. मागाहून टोमणे मारू नयेत.

आणि हेही सांगितल्यावाचून राहवत नाही. सुशिक्षित म्हणविणाऱ्या पुष्कळ घरांतून अजून एक अलिखित वाटणी चालते : मुलाच्या नावे ठेवलेला पैसा शिक्षणासाठी, आणि मुलीच्या नावे ठेवलेला लग्नासाठी. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये समुद्र ओलांडून अमेरिकेस शिकावयास गेल्या, त्यास १४० वर्षे होऊन गेली. तरी ‘मुलगी एवढ्या लांब एकटी?’ हा प्रश्न आपल्या ओठांवर तयारच असतो. पतपत्रातील चूक हेरणे, कराराचा मसुदा बारकाईने वाचणे, परक्या भाषेचा सूर पकडणे या कामांत मुली कोठेही मागे नाहीत. घरात दोन भावंडे असून पैसा एकाच्याच पुरता असेल, तर तो कोणाच्या आवडीवर व कष्टांवर खर्चावा याचा निवाडा मुलगा-मुलगी न पाहता व्हावा.

इतके सांगितल्यावर वाचक विचारतील, मग करावे काय? आमचा सल्ला थोडक्यात असा आहे. बारावीनंतर लगेच परदेशाचा विचार न करता मुलाने पहिली पदवी येथेच घ्यावी. त्या तीन-चार वर्षांत हिशेबशास्त्र पक्के करावे, आणि एक परदेशी भाषा मनापासून शिकावी. जर्मन, जपानी, स्पॅनिश किंवा अरबी, कोणतीही. पण पत्र लिहिता येईल व भाव ठरविता येईल इतकी. सुट्टीत एखाद्या कस्टम ब्रोकरच्या अगर मालवाहतूकदाराच्या कचेरीत विनावेतन म्हटले तरी काम करावे. शिपिंग बिल कसे भरतात, एक आकडा चुकला तर कंटेनर किती दिवस अडतो आणि दर दिवशी किती भाडे चढते, हे तेथे आठवड्याभरात कळते. कस्टम ब्रोकरचा परवाना २०१८ च्या नियमांप्रमाणे परीक्षा देऊन मिळतो. तो मिळविला तर स्वतंत्र धंदाही करता येतो. पदवीनंतर दोन-तीन वर्षे निर्यातीच्या एखाद्या पेढीत नोकरी करावी, आणि त्यानंतरही मनाची ओढ कायम राहिली, तर उच्च शिक्षणास जावे. तोवर त्यास आपणांस काय येत नाही हे समजलेले असेल. विद्यापीठाकडून काय मागावयाचे हे ठाऊक असेल. आणि फीचा काही भाग त्याच्या स्वतःच्या कमाईतून येईल.

विद्यापीठ निवडताना नावास भुलू नये. अभ्यासक्रमाचा कागद मागवून घ्यावा. त्यात व्यापाराचा कायदा, परकीय चलनाचे व्यवहार, मालवाहतूक व विमा, एखादी भाषा, आणि प्रत्यक्ष पेढीत काही महिने काम, ही पाच अंगे आहेत की नाहीत ते पाहावे. नुसते ‘जागतिक नेतृत्व’ आणि ‘दूरदृष्टी’ असे शब्द असतील, तर ते पान मिटून ठेवावे. पुष्कळ एजंट ‘आमच्याकडून अर्ज करा, प्रवेश नक्की’ असे सांगतात. कित्येकांस विद्यापीठाकडून दलाली मिळत असते, म्हणून त्यांचा सल्ला हा विक्रेत्याचा सल्ला समजून ऐकावा. त्याच विद्यापीठातून दोन वर्षांपूर्वी शिकून आलेल्या कोणा मुलाशी स्वतः बोलावे, आणि आज तू काय काम करतोस, हप्ता कोण भरतो, हे दोन प्रश्न संकोच न करता विचारावेत.

या कसोट्यांतून जो मुलगा अगर जी मुलगी पार पडेल, तिच्या वाटेत मग कोणी आडवे येऊ नये. घराने हात आखडता घेऊ नये, आणि दिलेल्या पैशाची आठवण उठता-बसता करून देऊ नये. शिकून आल्यावर मनासारखी नोकरी मिळण्यास वर्ष-सहा महिने लागले, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांस काय सांगावे या चिंतेने मुलास घरात तोंड चुकवावयास लावू नये. व्यापारात प्रत्येक खेप फायद्याची होत नाही. मात्र हिशेब नीट ठेवून पाठविलेल्या खेपेत तोटा झाला तरी पेढी बुडत नाही. मुलांच्या शिक्षणासही हाच न्याय लावावा.